बापाची राख

"ए, इथं नको उतरू. पुढं जा, म्हशी डुंबतात तिथं."

वैतरणेच्या घाटावर भटजी मला बोलला. माझ्या हातात मडकं होतं. मडक्यात माझा बाप होता.

ऐंशीच्या आसपासचं साल. मला भाऊ नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी राख मीच घेऊन आले. बरोबर आय. विरारपासून चालत.

हा घाट भरतीच्या चिखलात बुडायचा. कार्तिकातल्या जत्रेआधी आठ दिवस माझा बाप तो उपसायचा. मी घमेली वाहायची. पायऱ्या लखलखल्या की आम्हाला हाकलायचे आणि आमच्या पावलांवर गोमूत्र शिंपडायचे. बाप म्हणायचा, "शेवा हाय ती आपली." मला ते खरं वाटायचं.

आयनं दंड धरला. "चल गो. पानी सगलीकडं पानीच."

मी गेले. गुडघाभर चिखल, शेण. समोर एक म्हैस मुतत होती. मी मडकं कलतं केलं. हात थांबला. इथं? त्याला?

मी मागं फिरले. घाटावर स्नानाला आलेली माणसं होती. त्यांच्यामधून सरळ शेवटच्या पायरीवर उतरले.

"घाट बाटवलास!" भटजी किंचाळला.

"माजा बापूस हातानं पुशीत व्हता, तवा नाय बाटला?"

मला अडवायला कुणी पुढं आलं नाही. अडवायचं तर शिवावं लागलं असतं. मी राख सोडली. मडकं त्याच पायरीवर आपटून फोडलं.

पुढच्या कार्तिकात घाटाच्या गावातली तीन माणसं आमच्या कुंपणाशी आली. आत आली नाहीत. "घाट चिखलात गेलाय. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, बुडेल."

"फावडा देते. न्या."

तिघं आली तशी परत फिरली. फावड्याला कुणी हात लावला नाही. त्या वर्षी जत्रेला मूठभर माणसं आली, काठावरूनच हात जोडून परतली.

आय रडली. "देवाचा कोप व्हईल गो."

होऊ दे. मला दोन मुली आहेत. नदीत त्या हव्या तिथं उतरतील, पोहतील. पण कुणाच्या पुण्यासाठी त्यांच्या नखात चिखल जाणार नाही. मी जिवंत आहे तोवर नाही. मी मेल्यावरही नाही, तसं त्यांना शिकवून ठेवलंय.