चांदणीच्या नमुन्यातले लाल दांडे

हरिश्चंद्र पाटलांना रुचिता डोळ्यांसमोर नको असायची. एवढ्यातेवढ्यावरून चिडणारा माणूस नव्हे तो, पण तिचं नाव निघालं की चहासुद्धा कडू लागायचा.

काशीमिऱ्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या वन्यप्राणी उपचार केंद्रात ते सव्वीस वर्षं रक्त तपासत होते. नवघरच्या जुन्या घरातला माणूस. वडील मिठागरात नुसत्या रंगावरून मीठ ओढायची वेळ सांगायचे. मुलगा तशाच नजरेने काचपट्टीवरचं रक्त वाचायचा. बिबट्या असो, तरस असो नाहीतर कोल्हा, मायक्रोस्कोपला डोळा लावला की जनावराला काय होतंय ते हा सांगणार. डॉक्टर जितेंद्र हरिभाऊंना विचारल्याशिवाय औषध लिहीत नसत. म्हणजे गेल्या दिवाळीपर्यंत नसत.

दिवाळीनंतर रक्तपेशी मोजणारं मशीन आलं आणि मशीनमागोमाग इंद्रलोकच्या नव्या वस्तीत राहणारी रुचिता आली. वय वर्षं सव्वीस! मशीन मिनिटभरात कागद काढायचं, जितेंद्रसाहेब तो हातात घेऊन "व्वा, रुचिता" म्हणायचे. हरिभाऊंच्या वहीत काय लिहिलंय ते बघायला कुणाला सवड नव्हती. क्षयाची तपासणीही साहेबांनी तिच्याकडे दिली. वर पोरीचा स्वभाव गोड. "काका, दमलात का? मी करते." त्या 'काका'मध्ये हरिभाऊंना 'आता घरी बसा' एवढंच ऐकू यायचं. वाईट वागली असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

जानेवारीत चांदणी आली. एका सोसायटीच्या मागच्या नाल्यात पडून राहिलेली बिबटी. अंगात ताप, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी हडकुळी, मधूनच खोकणारी. मशीनने रक्त फार कमी असल्याचं सांगितलं. हरिभाऊंनी रक्त पट्टीवर पसरलं, रंगवलं, आणि तांबड्या पेशींच्या आत त्यांना बारीक ठिपके दिसले. गोचिडांमुळे येणारा ताप. त्यांनी तसं वहीत लिहिलं. वही टेबलावर पडून राहिली.

साहेबांच्या मनात क्षय होता. त्यांनी चांदणीला भूल देऊन श्वासनळीतला नमुना घेतला आणि रुचिताला दिला.

इथे एक गोष्ट घडली होती. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आदल्या दिवशी संपला होता. रक्ताची पट्टी धुवायला साधं पाणी चालतं, म्हणून हरिभाऊंनी कॅन गच्चीवरच्या टाकीच्या नळाखाली भरून पुन्हा फळीवर ठेवला. वर्षानुवर्षांची सवय. क्षयाच्या तपासणीला मात्र ते पाणी चालत नाही. टाकीत क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी चुलतभाऊ वाढतात आणि रंगवल्यावर तेही तसेच लाल दांड्यांसारखे दिसतात. हरिभाऊ ही तपासणी करायचे तेव्हा नवी सीलबंद बाटली फोडायचे. कॅन टाकीच्या पाण्याने भरलाय, हे रुचिताला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने कॅन उचलला तो हरिभाऊंनी पाहिला. सांगायला तोंड उघडलंही. तेवढ्यात दारातून साहेब म्हणाले, "रुचिता, सगळं तुझ्या रिपोर्टवर आहे हं." हरिभाऊंनी तोंड मिटलं. आपटू दे एकदा, कळेल.

ती आपटली नाहीच. तिला लाल दांडे दिसले, साहेबांनाही दिसले, आणि संध्याकाळपर्यंत केंद्राच्या ग्रुपवर तिच्या नावाने टाळ्यांचा पाऊस पडला. हरिभाऊंचा नुसता जळफळाट झाला. स्वतःच्या हाताने भरलेल्या पाण्याने तिची आरती झाली होती.

दुसऱ्या दिवशी कळलं की पक्क्या तपासणीला दीड महिना लागेल आणि तोवर बाकीच्या जनावरांना, माणसांना धोका नको. चांदणीला दयामरण द्यायची परवानगी साहेब वरून मागणार होते.

घरी बायकोने, सावित्रीबाईंनी, वाढलेलं ताट तसंच पुढ्यात होतं.

"काय झालंय? जेवनात ध्यान न्हाय तुमचं."

"एका बिबटीला मारनार हायत."

"आजारी हाय?"

"हाय. पन त्यो आजार न्हाय."

"मंग सांगा ना तसं! तोंडाला कुलूप हाय का?"

कुलूप होतंच, आणि किल्ली कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताटाशी बसल्या बसल्या त्यांना तोडही सुचली. पाणी चुकीचं होतं एवढंच सांगायचं. स्लाइड रुचिताची, तेव्हा चूकही आपोआप तिचीच ठरणार. चांदणी वाचेल आणि पोरीचं नाकही कापलं जाईल. त्यांनी भात पुन्हा मागून घेतला.

सकाळी लवकर जाऊन त्यांनी उरलेल्या नमुन्याच्या दोन स्लाइड केल्या. एक कॅनच्या पाण्याने धुतली, दुसरी सीलबंद बाटलीतल्या. पहिलीत लाल दांडे, दुसरी कोरी. साहेब आणि रुचिता आल्यावर दोन्ही त्यांनी साहेबांपुढे ठेवल्या, शेजारी आपली वही उघडून ठेवली. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. रक्ताची पट्टीही मागवून पाहिली.

"गोचिडतापच आहे हा," ते म्हणाले. "हरिभाऊ, तुम्ही नसता तर आपण एक चांगलं जनावर मारलं असतं. औषध आजच सुरू करू. परवानगीचं पत्र राहू दे." मग त्यांचा आवाज चढला. "पण कॅनमध्ये टाकीचं पाणी भरलं कुणी?"

हरिभाऊ छताकडे बघत राहिले. त्या कॅनला ते आणि रुचिता सोडून कुणाचा हात लागत नव्हता. कुणी भरला ते रुचिताला त्या क्षणी कळलंच असणार. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"सर, चूक माझी आहे," ती म्हणाली. "स्लाइड माझी होती. पाण्याची जबाबदारी माझीच."

साहेबांचा चेहरा निवळला. "मान्य करायला हिंमत लागते, रुचिता," ते म्हणाले, आणि त्या आवाजात पुन्हा तेच जुनं कौतुक होतं.

हरिभाऊंच्या अंगाचा तिळपापड झाला. आत्ता दोन मिनिटांपूर्वी साहेब त्यांचे झाले होते. मशीन हिचं, साहेब हिचे, आणि आता दुसऱ्याचं पाप पोटात घालण्याचा मोठेपणाही हिचाच?

"खोटं बोलतेय ती!" ते जवळजवळ ओरडलेच. "कॅन मी भरला. तिने उचलला तेव्हा मी समोर होतो आणि मुद्दाम गप्प बसलो. ही चूक माझी आहे साहेब, तिच्या नावावर लिहू नका."