अर्धं होईपर्यंत

लग्नाच्या पंगतीत समोरच्या बायका हसताना तोंडावर पदर घेत होत्या. मला वाटलं, लाजतात. मग पुरुषांचेही हात तोंडावर जाताना दिसले. भात वाढणाऱ्या मुलीचे दोन्ही हात मात्र भांड्यात गुंतलेले होते. ती हसली आणि दातांवरचे तपकिरी पट्टे दिसले, गंज चढल्यासारखे.

हे बोअरच्या पाण्याचं काम. खोल खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. आम्ही शहरातले लोक तेच टूथपेस्टमधून विकत घेतो, कारण कणभर फ्लोराइडनं दाताचं कवच घट्ट होतं. इथे ते घोटाघोटानं प्रमाणाबाहेर पोटात जातं. मग लहान मुलाचा दात हिरडीतून वर येण्याआधीच बिघडलेला असतो, आणि पुढे सांधेही आखडतात. त्याला वास नाही, रंग नाही. निदान कडू तरी लागायला हवं होतं!

जेवणानंतर यजमानीणबाई नातवाला पेल्यानं पाणी पाजायला बसल्या.

"याला मी साधं पाणी नाही देत, भाऊ. अर्धं होईपर्यंत उकळते. याचे दात तरी पांढरे राहू दे."

उकळल्यानं जंतू मरतात. फ्लोराइड कुठेही जात नाही. पाण्याची वाफ होते आणि ते सगळं उरलेल्या अर्ध्यात राहतं. मी तसं सांगितलं.

त्यांनी पेला खाली ठेवला. चुलीवर पाणी आटत होतं, त्या पातेल्याकडे पाहिलं.

"मग याला देऊ काय?"

गावात दुसरं पाणी नव्हतं. नातू तहानेनं रडायला लागला. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि पेला उचलला.