नाक धुतलेली गाडी

रंजिता राठोडची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड आहे, आणि ती ते लपवत नाही. किक मारून मारून झालं म्हणते, जू वाहून बैलाच्या खांद्याला घट्टा पडते तसं. त्याच पायाच्या घोट्यावर एक जुनी खोक आहे. शिकत होती तेव्हा किकनं उलट लाथ हाणली, अन् पोळ्याला अख्खा तांडा नाचत असताना ही खाटेवर पाय वर करून पडलेली. बायांनी तिच्या मायला, सुखीबाईला, समजावलं की पोरीला शिलाई मशीन घेऊन दे, हे फटफटीचं खूळ सोडव. सुखीबाई म्हणाली, मशीनलेबी पायच लागते नं.

पुसदला शामभाऊच्या गॅरेजात ती लागली ती पंक्चर काढायला. आज इंजिन उघडायचं काम आलं की शामभाऊ तिला हाक मारतो आणि आपण चहा सांगायला निघून जातो. त्याच गॅरेजच्या मागं दोन पावसाळे एक गाडी गंजत पडली होती. चिखलातून, दगडधोंड्यातून पळवायची फोर स्ट्रोक, उंच अन् हाडकी, उपाशी सांडणीसारखी. तिला ना दिवा, ना स्टार्टरचं बटन. किक मारा, नाहीतर पायी जा. शहरातला कोणी शौकीन तिला नाल्यात बुडवून, भंगाराच्या भावात शामभाऊच्या गळ्यात मारून गेलता. रंजितानं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ती गाडी खोलली, आणि तशाच सुट्ट्यांमध्ये जोडली. भाकर एका हातात, पाना दुसऱ्या हातात. ज्या दिवशी ते इंजिन पहिल्यांदा बोललं, त्या दिवशी तिनं भाकर कुत्र्याला दिली, भूकच राहिली नव्हती.

मग संक्रांतीच्या आसपास नागपूरचं एक गिऱ्हाईक गाडी मागायला आलं. शामभाऊ व्यापारी माणूस, पण डोळ्यातलं पाणी अजून मेलं नव्हतं. त्यानं तोड काढली. तांड्याजवळच्या मैदानावर दरसाल शंकरपट भरते, बैलांच्या शर्यतीचा. बैलजोड्यांचा पट उलगला की दुसऱ्या दिवशी पोट्टे तिथंच मोटरसायकलींचा पट लावतात. शामभाऊ म्हणाला, तीन फेरे या गाडीनं स्वतःच्या दमावर मारले त गाडी तुझी. नाई मारले त नागपूरवाला टेम्पो घेऊन तठीच उभा राह्यन.

या पटाचा कायदाही बैलांवरूनच उचललेला. जोडी जुंपायच्या आधी कोणी तिला पळवून दमवून आणत नाही, म्हणून गाडीही थंडीच आणायची. पंच सायलेन्सरला हात लावून बघते. कोमट लागला की बाद. झेंडी पडल्यावरच इंजिन चालू करायचं, आणि पहिला गडी मैदानापलीकडचा नाला ओलांडून एक फेरा मारून परत यायच्या आत जो सुटला नाही, तो घरी.

रंजिताचा बाप लखीराम हा जुना धुरकरी. बैलजोडी हाकत त्यानं पंचक्रोशीतले पट गाजवले, आता गुडघे गेले अन् बैलही गेले. पटाच्या दिवशी दिवस निघायच्या आधी उठून जोडीला ऊन पाण्यानं आंघोळ घालायची, ही त्याची जन्माची सवय. त्या सकाळी गारठा असा की गोठ्यातली म्हैस धुरावानी श्वास सोडत होती. रंजिता उठून बाहेर आली, तर म्हातारा बादली घेऊन गाडीला आंघोळ घालून राह्यला होता. हळदीकुंकू लावून झालं होतं. हँडलला गोंडे बांधले होते. बाजूचं झाकण उघडं होतं, अन् आतून पाणी ठिबकत होतं.

तिनं जवळ जाऊन हळूच विचारलं, "बा, नाकात बी पाणी घातलं का?"

"घातलं त. चांगलं लोटाभर. बैलाचं नाक साफ नसलं की दम लागते त्याले."

ती गाडी जिथून हवा ओढते, ते नाक. बैल गेल्यापासून पटाच्या सकाळी त्या माणसाच्या हाताला काम नव्हतं, हे रंजिताला दिसत होतं. अन् ओरडून पाणी बाहेर येत असतं तर ती ओरडलीही असती. तिनं पाने पिशवीत टाकले अन् गाडी ढकलत मैदानावर नेली.

मैदानाच्या कडेला बायांनी तुराट्यांची शेकोटी पेटवली होती. रंजितानं तिथं गाडी उभी केली अन् फिल्टरचा स्पंज बाहेर काढला. पिळला तशी पाण्याची धार लागली. सुखीबाईनं एका नजरेत ओळखलं की हे कोणाचं काम. तिनं स्पंज हातातून घेतला, ओढणीत दाबदाबून कोरडा केला अन् सरळ पोलक्यात कोंबला. पेट्रोलचा वास येते म्हणून शेजारीण नाक मुरडायला लागली, तर म्हणाली, लेकरं याच उबेत वाढली माझी, स्पंज नाई का वाळन.

रंजितानं शेकोटीपासून दूर जाऊन कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला केला अन् निघेल ते तळहातावर घेतलं. पेट्रोलात पाण्याचे मणी फिरत होते. मणी दिसायचे बंद होईस्तोवर तिनं ते वाहू दिलं. मग हात चांगले पुसून प्लग काढला, चिमट्यात धरून निखाऱ्यावर तापवला, अन् फडक्यात गुंडाळून ठेवला. लखीराम बाजूला उकिडवा बसून सगळं पाहत होता. हे आपल्याच लोट्यातलं पाणी, हे त्याला समजलं.

धम्मदीप नावाचा मास्तर पंच होता. त्यानं हिच्या सायलेन्सरला हात लावला अन् लगेच मागं ओढला, एवढा तो गार होता. मायच्या छातीतून निघालेला स्पंज जागेवर बसला, गरम प्लग जागेवर बसला, अन् झेंडी पडली.

बाकीच्यांनी बटनं दाबली. गाड्या खोकलल्या, अन् धुराळा उडवत नाल्याकडे पळाल्या. रेषेवर एकटी रंजिता उरली. तिनं चोक ओढला. किक पायानं हळूहळू दाबत गेली, जिथं ती अडून बसते तिथवर. तिथून केसभर पुढं सरकवली, पाय वर आणला, अन् सगळं अंग टाकून एकच लाथ घातली. काही नाही. पुन्हा तीच हळू दाब, पुन्हा लाथ. गाडी फुस्स करून गप.

लोकांना तेवढंच पाहिजे होतं. कोणी म्हणे ढकल, कोणी म्हणे चारा टाक. शामभाऊ कडेनं ओरडत होता की रेस दे, रेस दे. नागपूरवाल्यानं टेम्पोचं फाळकं पाडलं. रंजितानं एक्सलेटरला हात लावला नाही. थंड्या इंजिनाला रेस दिली की ते पेट्रोलात बुडते, हे तिला माहीत होतं. अन् घाईत किक मारणाऱ्यालाच गाडी लाथ मारते, हे घोट्याच्या खोकेनं शिकवलं होतं.

तिसऱ्या लाथेला इंजिन पेटलं. फाटका, आजारी आवाज, कधी आहे कधी नाही. आता तर सारे जास्तच ओरडायला लागले, कारण पहिला गडी नाला चढून परत येताना दिसत होता. रंजिता हलली नाही. हात इंजिनावर ठेवून, मान खाली घालून ऐकत राहिली. शामभाऊ धावत लखीरामकडे गेला, म्हणे तुमच्या पोरीले सांगा, निघ म्हणून.

लखीराम म्हणाला, "थंड्या बैलाले पराणी लावली त तो नाल्यात बसते. पोरीले समजते ते."

आवाज भरत आला. फाटकेपणा गेला, ठोके सरळ पडायला लागले. पहिला गडी रेषेपासून हाकेवर आला तेव्हा तिनं चोक आत ढकलला अन् क्लच सोडला. तो धुराळ्यात आत शिरला, ही धुराळ्यातून बाहेर पडली.

पुढं सांगण्यासारखं फार नाही. नाल्यात दोन गाड्या बंद पडून बसल्या होत्या, त्यांना वळसा घालून ती गेली. तीन फेरे मारले, नंबर आला चौथा. बक्षीस तिघांनाच होतं. नागपूरवाल्यानं फाळकं वर केलं, जाताना रामराम केला, तो बरा माणूस होता. शामभाऊनं चावी द्यायला खिशात हात घातला, अन् मग आठवलं की या गाडीला चावीच नाही. त्यानं आपल्या हातातला चहा तिला दिला.

दिवस मावळताना गाडी तांड्यावर आली. लखीरामनं घरातून बैलाची जुनी झूल झटकत बाहेर आणली अन् गाडीवर टाकायला निघाला.

"काहून, बा?"

"घाम आला आहे तिले. वारा लागन."

रंजितानं सायलेन्सरजवळ हात नेऊन पाहिला.

"थांब जरा," ती म्हणाली. "थंडा होऊ दे, नाईतर झूल जळन. मंग टाक."

म्हातारा झूल मांडीवर घेऊन गाडीशेजारी बसून राहिला.