सुंदर वह्यांचं वर्ष

मुलांनो, तुमच्या आजोबांची धाकटी बहीण अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला असताना आमच्याकडे बुलढाण्याला राहत होती. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. घरात कॉलेजात गेलेली मी एकटी, म्हणून मीच तिला सासऱ्यांकडून, देऊळघाटहून बोलावून घेतलं. तिला मास्तरीण व्हायचं होतं आणि ट्रेनिंगला मॅट्रिक पास लागे.

तिची शाळा खासगी, निकालाला फार जपणारी. चाचणी परीक्षेत नापास झालेल्यांचा मॅट्रिकचा फॉर्म शाळा पाठवतच नसे. मामंजींनी बजावलं होतं, "फॉर्म गेला तं ठीक. नाही तं पाहुणे इचारून राह्यले पोरीले."

तिच्या वह्या म्हणजे नुसते शाईचे डाग. मला ते बघवेना. रोज पाच ते सात मी तिला सगळं नव्यानं उतरवायला बसवलं. लाल समास, मथळ्याखाली दोन रेघा. बीजगणित मी सोडवायची, तिनं सुवाच्य लिहायचं. इन्स्पेक्शनला साहेबांनी तिची वही साऱ्या वर्गाला दाखवली. ती धावतच घरी आली. "वैनी, पोरी जळून राह्यल्या माह्यावर!"

दिवाळीनंतर एकदा मी सहज विचारलं, "हा उणे तिकडे गेल्यावर अधिक का झाला गं?"

ती हसली. "मले काय मालूम? तुमी लिवलं तं मी लिवलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी किती खुश होत्या, वैनी."

त्याच दिवशी वही मिटून सहावीच्या अपूर्णांकांपासून सुरुवात करायला हवी होती. चाचणीला अजून दोन महिने होते. पण धडा अर्धा उतरवून झाला होता. मी म्हटलं, "बरं, आधी एवढं पूर्ण करू." मग पुढचाही धडा तसाच झाला.

चाचणीत बीजगणिताला तिला नऊ गुण पडले. वह्यांचा गठ्ठा घेऊन मी हेडमास्तरांकडे गेले. त्यांनी पानं सावकाश उलटली.

"बाई, वह्या उत्तम आहेत. पण हिला गणित येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मी गठ्ठा पुन्हा बांधला. फॉर्म गेला नाही.

ती व्हरांड्यात उभी होती. माझा चेहरा पाहून म्हणाली, "दादाले आज नका सांगू. उद्या सांगा."

पुढच्याच महिन्यात चिखलीचे पाहुणे देऊळघाटला तिला बघायला आले. मुलाच्या मामांनी कागद पुढे केला, "नाव लिव बरं, बाई." तिनं लिहिलं, आणि खाली दोन सरळ रेघा ओढल्या.

"अक्षर तं छापल्यावानी आहे हो!" मामा म्हणाले. कागद बैठकीत हातोहात फिरला. मामंजींनी कौतुकानं माझ्याकडे बोट दाखवलं, "सूनबाईनं शिकवलं."

त्याच बैठकीत सुपारी फुटली. ती पोह्यांच्या बश्या गोळा करत होती. मी मदतीला गेले, तर म्हणाली, "राहू द्या, वैनी. मी करतो."