डॉक्टरचा आवाज

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सेलूत चौघांनी मिळून एका परदेशी कार्टून मालिकेचं वऱ्हाडीत डबिंग करायचं ठरवलं, की ते आपोआप साचतात. वय तिशीच्या आसपास, लग्नाचे बायोडाटा घरोघर फिरतायत, आणि आम्ही सोनलच्या बाबांच्या बियाण्यांच्या दुकानामागे, गोडाऊनमध्ये बसून अंतराळयानाचे आवाज काढतोय! सोनल रेकॉर्डिंग करते. मंगेश खलनायक, अनिकेत डॉक्टर आणि मी शूर सेनापती. मी खऱ्या आयुष्यात पालीला घाबरतो.

*

डबिंगचा नियम साधा: चित्रातल्याचं तोंड हलेल तेवढंच बोलायचं. एकदा खलनायकाचं तोंड हलतच राहिलं आणि मंगेशचा डायलॉग संपला. गड्यानं समोरच्या पोत्यावरचं वाचायला सुरुवात केली. "युरिया! कोरड्या जागी ठेवा!" आमच्या चॅनलवर सगळ्यात जास्त लाईक त्यालाच आहेत.

*

माझ्या युद्धगर्जना दुकानापर्यंत जायच्या. एका गिऱ्हाइकानं सोनलच्या बाबांना विचारलं, आत कोणाले मारून राह्यले? काका शांतपणे म्हणाले, "पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राह्यले."

*

मला मुलगे आवडतात, हे मी एकदा गटाला सांगून टाकलं. मंगेश म्हणाला, "बरं. पण रविवारी टायमावर येजो."

कोणता मुलगा, ते मात्र मी सांगितलं नव्हतं. अनिकेत अकरावीपासून माझ्या बाकावर बसायचा. पुढे एका रविवारी मी सेनापती आणि डॉक्टरचं एकमेकांवर प्रेम आहे, हे सगळ्यांपुढे पुराव्यांसकट सिद्ध केलं. स्लाईड्स केल्या होत्या हो! अनिकेतचा चेहरा उतरला. "ते फक्त दोस्त आहेत," म्हणाला आणि उठून गेला. लवकरच त्यानं पुण्यात नोकरी धरली, ग्रुपही सोडला. लोक शेताच्या धुऱ्यावरून भांडतात, आम्ही कार्टूनवरून बोलणं टाकलं.

*

मग डॉक्टरचा आवाजही मंगेशच काढू लागला. एका भागात खलनायक डॉक्टरचा गळा दाबतो. मंगेशनं स्वतःचाच गळा दाबला आणि खरोखर ठसका लागला.

सेनापतीचे डॉक्टरशी हळवे संवाद आता मंगेशशी बोलणं माझ्या नशिबी आलं. मी त्याच्याकडे न बघता भिंतीवरच्या कीटकनाशकाच्या पोस्टरशी बोलायचो. घरी जुने भाग पुन्हा पुन्हा ऐकायचो. त्याला मी क्वालिटी चेक म्हणायचो. खरं तर मला अनिकेतची फार आठवण यायची.

*

शेवटचा भाग आला. सोनलनं मला न विचारता अनिकेतला फोन केला आणि तो चक्क आला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सोनल म्हणाली, "आवाजाले इस्त्री लागते काय?"

सीन असा: डॉक्टर बऱ्याच काळानं यानावर परततो. जखमी सेनापती विचारतो, "परत काऊन आला?" डॉक्टर म्हणतो, "काम होतं." संपलं.

मी विचारलं. अनिकेत म्हणाला, "काम होतं."

आणि थांबलाच नाही. "काम गिम काही नोयतं. फक्त दोस्त म्हणालो तवा खोटं बोललो. भेव वाटलं मले. आताबी वाटून राह्यलं. पण मले तूच पाह्यजे."

एरवी कावळा ओरडला तरी रेकॉर्डिंग थांबवणारी सोनल जागची हलली नाही. शेवटी मंगेशनंच हळूच सांगितलं, "अन्या, डॉक्टरचं तोंड कवाच मिटलं."

अनिकेत माझ्याकडेच बघत होता.

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "रेकॉर्डिंग चालू ठेवजो."