जपानी बाई आणि माझे सासरे

गोव्यात आमच्या पार्सेत जत्रा असो नाहीतर गणेशचवथीचे दिवस, हाऊजी रंगली की आकडे पुकारायला माझे सासरेच लागत. नुसता आकडा सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. सात आला की म्हणत, "काजीत शिरलो कोयतो, सात!" काजूच्या बागेत शिरलेला कोयता, आकड्यासारखाच वाकडा. आठ म्हणजे पोटभर जेवून उठलेला व्याही, अकरा म्हणजे मांडवाचे खांब. बक्षिसापेक्षा त्यांचं ऐकायला म्हणून येणारे लोक मी पाहिले आहेत.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र अडली. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. चहा मागायला जात आणि तोंडातून "चप्पल" निघे. कुणी हसलं नाही, तरी हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. म्हापशाच्या स्पीच थेरपीच्या बाईंनी चित्रांची पानं दिली होती. कप, फूल, मांजर. त्यांनी ती एकदा पाहिली आणि पालथी घालून ठेवली. दिवसभर व्हरांड्यात रस्त्याकडे तोंड करून बसायचे.

माझे धाकटे दीर बोटीवर असतात. जुने व्हिडिओ गेम जमवायचा त्यांना नाद. त्या सुट्टीत त्यांनी जपानच्या कुठल्याशा बंदरातून एक पिवळट पडलेला गेमचा डबा आणला, बरोबर व्होल्टेज उतरवणारा वजनदार ट्रान्सफॉर्मर आणि एकच कार्ट्रिज. ते जोडलं, तर ना मोटारी, ना मारामारी. पडद्यावर एक जाडं मांजर पिंजरा फिरवत होतं. पिंजऱ्यातून चेंडू पडला की डब्यातली एक बाई खरखरत्या आवाजात जपानीतून काहीतरी सांगे.

"ही तर हाऊजी!" मी म्हटलं.

"बिंगो म्हणतात. पाच बाय पाचचा चौकोन, नव्वदच्या जागी पंचाहत्तर आकडे. बाकी तेच," दीर म्हणाले.

"पण भावजी, यात आपण करायचं काय?"

"बटण दाबायचं आणि बघत बसायचं. आपल्या चौकोनावर खूणसुद्धा तोच करतो."

त्यांना ह्याचंच कौतुक वाटत होतं. असला गेम कुणाला तरी सुचला, कुणीतरी तो बनवला आणि दुकानात विकलाही! सासूबाईंना मात्र खूण आपल्या हातानं करायला हवी होती. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन आखून घेतले, चिंचोके काढले आणि शेजारणीला हाक मारली. दुपारच्या दुपार आमच्या हॉलमध्ये दोघींचा डाव बसू लागला. दोघींच्याही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे पडद्यावरचा आकडा त्यांना दिसत नसे आणि जपानी बाईचा कळत नसे.

"गो, कितें म्हणता ती?" सासूबाई दर चेंडूला विचारत. मी सांगे.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात होते. बाईनं आकडा सांगितला, सासूबाईंनी विचारलं, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. सासरे व्हरांड्यातून उठून आत आले. टीव्हीजवळ उभे राहिले. बराच वेळ त्यांचे ओठ हलत होते.

"को... कोयतो."

मी कढईखालचा गॅस बंद करून दारात आले. सासूबाईंनी सातावर चिंचोका ठेवला. शेजारणीनंही ठेवला. पुढचा चेंडू पडला आणि बाई पुन्हा बोलू लागली, तेव्हा सासरे तिच्यावर खेकसले, "गप!" तेवढ्यात बाहेरून आलेल्या दिरांनी पटकन आवाज बंद केला.

आकडे त्यांना येत नव्हते, पण त्यांची नावं येत होती. व्याही आला, खांब आले. जे नाव सुचत नसे तिथे बोटं दाखवत. थेरपीच्या बाईंना आम्ही हे सांगितलं, तर त्यांनी ती पानं परत घेतली आणि म्हणाल्या, "रोज हाऊजी खेळा."

यंदा चवथीला मंडळाची पोरं त्यांना हाऊजी पुकारायला न्यायला आली. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. एवढ्या माणसांसमोर अजून नको, असं असावं. आम्हीही आग्रह केला नाही. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, चार बायका मात्र आता दुपारी आमच्याकडे येतात.

परवा सासूबाई "फुल हाऊस!" म्हणून ओरडल्या. सासऱ्यांनी कागद हातात घेऊन एकेक घर तपासलं. मग एका चिंचोक्यावर बोट ठेवलं.

"सतरा... येवंक ना गो. लबाड!"

सतरा खरंच आलेला नव्हता, पण झटक्यानंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आकडा आला होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या, शेजारणीनं डोळे पुसले.

"टाळ्यो कित्याक मारतात?" सासूबाई चिडल्या आणि चिंचोका उचलून त्यांनी पुन्हा सतरावरच ठेवला.