रंजनाच्या आयडीवरून

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवासमोर उभा राहतो तेव्हाही हा विषय सोडून बाकीचं सगळं बोलतो — म्हणजे देवाशीसुद्धा मी कार्यालयातल्यासारखाच वागतो, नको असलेली फाईल खाली सरकवतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा-माझा काही संबंध नाही. उद्या सकाळी तुमच्या तोंडाकडे बघत मला चहा प्यायचा नाहीये.

वडील वर्ध्याकडून इथे पोलाद कारखान्यात आले. मी भिलाईतच जन्मलो, सेक्टरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, मराठी फक्त घरात. तरी माझी लिहिण्यातली हिंदी कधी धड झाली नाही, आणि नोकरी लागली ती लिहिण्याचीच. एका सरकारी कार्यालयात बाबू. घरात मारहाण होणाऱ्या बायका आमच्याकडे तक्रार घेऊन यायच्या. मी तक्रार लिहून घ्यायचो, नवऱ्याला हजर राहण्याची नोटीस तयार करायचो. साहेब माझ्या मसुद्यावर लाल गोल काढायचे आणि चहाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवायचे. ‘देखिए, हमारे मराठी बाबू ने फिर नोटीस का लिंग बदल दिया.’ सगळे हसायचे. सगळ्यांत आधी मीच हसायचो. वाईट वाटायचं का? खूप. पन्नाशीच्या माणसाला हे सांगायलाही लाज वाटते.

मग एआय आलं. मोबाईलमध्ये, फुकट. त्यात तक्रार घातली आणि म्हटलं की शुद्ध शासकीय हिंदीत नोटीस करून दे — तर असा मसुदा यायचा की साहेबांचं लाल पेन खिशातच राहायचं. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी खाली मान घालून ती थोपटून घेतली. कुणाला काही सांगितलं नाही. मग रोजच घालू लागलो — बायकांची नावं, मुलांची नावं, कुणी कुठे मारलं, कुणी कुठे लपलंय, सगळं जसंच्या तसं त्या मोबाईलमध्ये.

कार्यालयात रंजना होती. कंत्राटी डेटा ऑपरेटर, दुर्गच्या रेल्वेवाल्यांची मुलगी, लग्न होऊन भिलाईतल्याच खुर्सीपार वस्तीत आलेली. आख्ख्या कार्यालयात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. कार्यालयाच्या संगणकावरचं माझं स्वतःचं लॉगिन चुकीचा पासवर्ड टाकून टाकून केव्हाच बंद पडलं होतं. ते उघडायला रायपूरला अर्ज करावा लागे, आणि तो अर्ज मी आज-उद्यावर ढकलत होतो. तोवर काम रंजनाच्या आयडीवर. तिचा पासवर्ड होता सांबारवडी, आमच्या विदर्भाकडची कोथिंबिरीची वडी, आणि पुढे मुलीचं जन्मसाल. तो ती खोलीच्या त्या टोकावरून मोठ्यानं सांगायची आणि हसायची. ‘भाऊ, बिनधास्त टाका. या हापिसात सांबारवडी दोघांलेच माहीत हाय.’ बाकीच्यांना वाटायचं, आमचं जेवणाचं काही चाललंय. मलाही त्यात गंमत वाटायची — घरच्यासारखं वाटायचं, खरं सांगायचं तर.

मध्येच वरून आदेश आला. नागरिकांची माहिती बाहेरच्या कुठल्याही एआयमध्ये घालायची नाही. आपला आयडी-पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा नाही. एआयनं लिहिलेलं माणसानं पूर्ण वाचल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही. साहेबांनी तो सगळ्यांना वाचून दाखवायचं काम मलाच दिलं, माझी हिंदी सुधारली होती ना. मी उभा राहून वाचला. जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा मोबाईल काढला.

आता फुलेश्वरी. तिचं नाव लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. तीही खुर्सीपारचीच. नवरा ठेकेदाराकडे कामाला, आणि घरी आला की हात चालवणारा. ती पळून हुडको वसाहतीत मावशीच्या घरामागच्या खोलीत राहायला गेली होती. तिला लिहिता येत नव्हतं, तक्रार मीच लिहून घेतली. पत्ता सांगताना तिनं खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. ‘पता ला कोनो ला झन बताहू, साहेब.’ पत्ता कुणाला सांगू नका. मी म्हटलं, इथे आलीस ना, आता काळजी सोड. अगदी मोठ्या भावासारखं म्हटलं.

लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता नवऱ्याच्या नोटिशीत घालायचा नसतो. आमच्या विभागात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि रंजना तर प्रत्येक नोटीस पडद्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत वाचायची. त्या दिवशी ती सकाळी हजेरीची सही करून तासाभरासाठी मुलीच्या शाळेत गेली होती. साहेबांना बैठकीच्या आत सगळी थकलेली कामं निकालात काढून हवी होती. मी फुलेश्वरीची तक्रार मोबाईलमध्ये घातली, म्हटलं, सर्व तपशिलांसह नोटीस कर. त्यानं केली. भाषा काय सुरेख होती! पहिला परिच्छेद वाचला आणि मीच खूश झालो. दुसरा वाचला नाही. दुसऱ्यात होतं की अर्जदार सध्या हुडकोत मावशीच्या घरामागच्या खोलीत राहते — घराच्या खुणेसकट. मी रंजनाच्या खुर्चीत बसलो, सांबारवडी टाकलं आणि नोटीस नवऱ्याच्या मोबाईलवर पाठवून दिली. मग पुढची घेतली.

नवरा दुसऱ्याच दिवशी तिथे पोचला. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. सळई होती त्याच्या हातात. फुलेश्वरी वाचली — लोक असंच म्हणतात, वाचली. एक डोळा गेला, जबडा वाकडा झाला. नवरा तुरुंगात आहे.

चौकशीला रायपूरहून दोघं आले. नोटीस रंजनाच्या आयडीवरून गेलेली, हे लगेच निघालं. खुर्चीत कोण बसलं होतं, हे काही यंत्र सांगत नाही, आणि हजेरीच्या वहीत त्या दिवशी तिची सही होती. रंजना म्हणाली, ही माझी भाषाच नाही, मला इतकी हिंदी लिहिताच येत नाही. त्यांनी विचारलं, मग पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे? साहेब तिथेच होते, मी दारापाशी. तिनं माझं नाव घेतलं नाही. तिनं नुसतं माझ्याकडे वळून मराठीत म्हटलं, ‘भाऊ, तुमाले तं माहीत हाय ना. सांगा ना यायले.’

तिला नाव घेता आलं असतं. ती मला वेळ देत होती, माझं मी सांगावं म्हणून — हे मला तेव्हाच कळलं होतं. नंतर उमगलं वगैरे काही नाही. त्याच क्षणी, नीट कळलं होतं. आणि मी हिंदीत उत्तर दिलं. तिला नाही, त्यांना.

‘मुझे कुछ नहीं मालूम, सर.’

इतकंच असतं तर भित्रेपणा म्हणून तरी खपलं असतं. पण त्यांच्यातल्या एकानं सहज विचारलं, ही बाई त्या नवऱ्याला ओळखते का? कुणी मला विचारलंही नव्हतं, तो साहेबांना विचारत होता. मी म्हणालो, ‘रहती तो वहीं है, सर. खुर्सीपार में.’

बघा, एक शब्द खोटा नाही त्यात. राहतेच की ती तिथे. हे वाक्य मला कोणत्याही एआयनं लिहून दिलं नव्हतं. ते माझं होतं आणि त्याची हिंदी अगदी बिनचूक होती. रंजना माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं ओढणी सारखी केली आणि पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. कावून? का बरं? तिच्याच बोलीत मी स्वतःला अजून विचारतो. तिला भाऊ म्हणायची सवय होती, त्यामुळे? की आता कुणी विश्वास ठेवणार नाही, हे तिनं ओळखलं होतं?

तिला काढून टाकलं. हळूहळू असंच पसरलं की गल्लीतल्या ओळखीपोटी तिनं मुद्दाम पत्ता कळवला. फुलेश्वरी बरी झाल्यावर कार्यालयात आली. रंजनाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ती थुंकली. मी तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं. त्या वाकड्या तोंडानं तिला नीट पिता येत नव्हतं, गळ्यावर ओघळत होतं. ‘आप मन बने मनखे हव,’ ती मला म्हणाली. तुम्ही भले आहात. मी तिच्याकडून रिकामा पेला घेतला.

दोन दिवाळ्या गेल्या. या प्रकरणानंतर प्रत्येक कार्यालयात सायबर सुरक्षेसाठी एक जबाबदार माणूस नेमायचं ठरलं. आमच्याकडे कुणाला नेमलं असेल? मी आता बाकीच्या कार्यालयांनाही शिकवतो. पासवर्ड कुणाला देऊ नका, एआयवर डोळे मिटून विसंबू नका. उदाहरण दिलं की लोक सावरून बसतात, म्हणून मी उदाहरण देतो: एका कार्यालयात एक निष्काळजी महिला ऑपरेटर होती. नाव घेत नाही. लोक हळहळतात. मग समोसा येतो.

गेल्या महिन्यात अशाच एका वर्गासाठी कागद छापून घ्यायचे होते. कार्यालयातला प्रिंटर बिघडलेला, म्हणून सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. ऑनलाईन अर्ज भरून देणारं एक छोटं दुकान दिसलं, आत शिरलो, आणि काउंटरमागे रंजना होती. केस बरेच पिकलेले. मागे फिरावं असं वाटलं, पण तिनं पाहिलं होतं. मी मराठीत म्हटलं, ‘रंजना, कशी आहेस?’

‘बोलिए सर, क्या काम है?’

मी म्हटलं, मेलमधून प्रिंट काढायची आहे. तिनं कीबोर्ड माझ्याकडे वळवला आणि स्वतः तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभी राहिली. ‘पासवर्ड आप खुद डालिए, सर. मैं किसी का नहीं पूछती.’ माझी बोटं दोनदा चुकली. ती तशीच उभी राहिली, वळली नाही.

पानं निघाली. ती जुळवून स्टेपल करणं हे तिचं काम, ते तिनं केलं. प्रत्येक पान ती पूर्वीसारखीच वाचत होती, बोट ठेवून, शेवटपर्यंत. दुसऱ्या पानावर ते उदाहरण होतं. तिचं बोट तिथे थांबलं. मग पुढे सरकलं. तिनं स्टेपल मारलं आणि गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

‘और कुछ, सर?’

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, ‘कुछ नहीं.’